खडे निवडणारे मास्तर

आमच्या शाळेत गणित शिकवणारे एक ख्रिस्ती सहकारी होते. आम्ही दोघेही निवृत्त झालो, पण महिन्यातून एकदा त्यांची फेरी माझ्याकडे होतेच. चहा होतो, गुडघेदुखीची देवाणघेवाण होते, आणि मग आम्ही पुस्तकांवर येतो. एकदा त्यांनी मला बायबलचे एक नवे भाषांतर वाचायला दिले. वाचता वाचता माझी नजर तळटीपांवर गेली. 'काही प्राचीन प्रतींत हे वाक्य नाही', 'काही प्रतींत असा पाठ आहे', अशा टीपा बऱ्याच पानांखाली होत्या.

मी त्यांना म्हटले, "सर, हा तुमचा धर्मग्रंथ. त्यातच खाली लिहायचे की हे वाक्य कदाचित नसेलही! तुमच्या लोकांना चालते हे?"

ते हसले. म्हणाले, "आता चालते. तीनशे वर्षांपूर्वी फार आरडाओरड झाली होती. आणि ज्यांनी ही रीत नीट बसवली त्यांतला एक जण आपल्या जातकुळीचा होता."

"म्हणजे?"

"शाळामास्तर."

पुढच्या फेरीला त्यांनी दोन जाड पुस्तके आणून दिली. दोन महिने मी त्यांत बुडालो होतो. त्या मास्तरांबद्दल आज लिहायचे आहे. नाव योहान आल्ब्रेख्ट बेंगेल. मी त्यांना बेंगेल मास्तरच म्हणणार, कारण त्यांनी आयुष्यातली अठ्ठावीस वर्षे एका खेड्यातल्या शाळेत मुलांना शिकवण्यात घालवली, आणि त्यांचे मोठे काम झाले ते याच काळात.

जर्मनीच्या दक्षिणेला वुर्टेम्बर्ग नावाचे संस्थान होते. तिथल्या विनेंडेन या लहान गावी २४ जून १६८७ रोजी बेंगेल मास्तरांचा जन्म झाला. वडील तिथल्या चर्चमध्ये धर्मोपदेशक होते. मुलगा सहा वर्षांचा असताना, १६९३ मध्ये, वडील साथीच्या आजारात गेले. त्याच वर्षी फ्रेंच सैन्य त्या मुलखात घुसले. जाळपोळ झाली, त्यात राहते घर गेले आणि वडिलांचा ग्रंथसंग्रहही गेला. वडील नाहीत, घर नाही, पुस्तके नाहीत. अशा मुलाला स्पिंडलर नावाच्या एका शिक्षकाने आपल्या घरी ठेवून घेतले आणि शिकवले. शिक्षकाची बदली होईल त्या गावी हा मुलगाही जायचा. आपल्याकडे माधुकरी मागून किंवा गुरुजींच्या घरी राहून शिकलेली माणसे आपण पाहिली आहेत. तोच प्रकार.

पुढे आईने दुसरे लग्न केले आणि सावत्र वडिलांच्या मदतीने १७०३ मध्ये हा मुलगा ट्युबिंगेनच्या विद्यापीठात धर्मशास्त्र शिकायला गेला. स्वभावाने भाविक. आणि तिथेच त्याला एक काटा टोचला, तो पुढे कित्येक वर्षे निघाला नाही.

तो काटा समजायला थोडे मागे जावे लागेल.

ख्रिस्ती धर्मग्रंथाचा उत्तरार्ध, ज्याला नवा करार म्हणतात, तो मुळात ग्रीक भाषेत लिहिलेला. मूळ लिहिणाऱ्यांच्या हातचा कागद एकही उरलेला नाही. उरल्या त्या नकला, आणि नकलांच्या नकला. चौदाशे वर्षे हे सगळे हातांनी उतरवले जात होते. मग छापखाना आला. १५१६ मध्ये बाझेल शहरात इरॅस्मस या पंडिताने ग्रीक नवा करार छापून प्रसिद्ध केला. विक्रीसाठी बाजारात आलेली ती पहिली छापील ग्रीक प्रत. काम घाईत झाले, हाताशी हस्तलिखिते मोजकीच होती, आणि तीही फार जुनी नव्हेत. शेवटच्या 'प्रकटीकरण' या पुस्तकाचे तर एकच हस्तलिखित मिळाले होते आणि त्याचे शेवटचे पान गहाळ. मग इरॅस्मसने काय करावे? त्याने लॅटिन भाषांतरावरून त्या शेवटच्या ओळी स्वतःच ग्रीकमध्ये उलट भाषांतरित केल्या! आपण परीक्षेत गाळलेल्या जागा भरायला देतो, तसे झाले हे.

पुढच्या शंभर-सव्वाशे वर्षांत याच मजकुराच्या थोड्याफार सुधारलेल्या आवृत्त्या निघत राहिल्या. १६३३ मध्ये हॉलंडमधल्या एका प्रकाशकाने आपल्या आवृत्तीची जाहिरात करताना हा 'सर्वांनी स्वीकारलेला पाठ' आहे असे म्हटले, आणि तेच नाव चिकटले. छापलेले ते खरे, ही समजूत काही आपल्याकडेच आहे असे नाही. लोकांना वाटू लागले की हाच मूळ मजकूर, अक्षर न् अक्षर.

आणि मग १७०७ मध्ये ऑक्सफर्डच्या जॉन मिल या विद्वानाने बॉम्ब टाकला. तीस वर्षे खपून त्याने शंभरेक हस्तलिखिते, जुनी भाषांतरे आणि जुन्या धर्माचार्यांनी दिलेली अवतरणे पडताळली, आणि जिथे जिथे फरक दिसला तो नोंदवला. फरक निघाले सुमारे तीस हजार. पुस्तक प्रसिद्ध झाल्यावर दोनच आठवड्यांत बिचारा मिल वारला. नंतर उठलेला गदारोळ ऐकायला तो नव्हता. श्रद्धाळू म्हणाले, याने धर्मग्रंथ धोक्यात आणला. नास्तिक म्हणाले, बघा, यांच्या देवाला आपले शब्दही सांभाळता आले नाहीत.

तरुण बेंगेल नेमका या दोहोंच्या मधे सापडला. त्याच्या दृष्टीने हा ग्रंथ म्हणजे ईश्वराची वाणी. मग ईश्वराची नेमकी वाणी यांतली कोणती? या प्रतीतली की त्या प्रतीतली? त्याची झोप उडाली असावी. अशा वेळी माणसे दोन गोष्टी करतात. एक तर डोळे मिटून घेतात, नाहीतर सगळेच टाकून देतात. बेंगेलने तिसरी गोष्ट केली. तो हस्तलिखिते पडताळायला बसला.

१७१३ मध्ये स्टुटगार्टजवळच्या डेंकेनडोर्फ गावी एका जुन्या मठात नव्याने शाळा सुरू झाली. पुढे धर्मशास्त्र शिकून धर्मोपदेशक होणाऱ्या मुलांची ही निवासी शाळा. तिथे बेंगेल शिक्षक म्हणून रुजू झाले. जायच्या आधी त्यांनी जर्मनीत ठिकठिकाणी फिरून चांगल्या शाळा पाहिल्या, कोण कसे शिकवते ते टिपले. (आमच्या वेळी बी.एड.ला 'पाठ निरीक्षण' असे, त्याची आठवण झाली. आम्ही मात्र मागच्या बाकावर बसून डुलक्या काढत होतो.) रुजू होताना केलेल्या भाषणात त्यांनी मांडले की खऱ्या विद्येकडे जाण्याचा सर्वांत खात्रीचा रस्ता भक्तीतून जातो. दुसऱ्या वर्षी लग्न झाले. पुढे बारा मुले झाली, त्यांतली सहा अगदी लहानपणीच गेली. या एका वाक्यात किती रात्री असतील ते ज्याचे त्याने ओळखावे.

शाळेत लॅटिन, ग्रीक, हिब्रू शिकवायचे. मुलांना वाचायला चांगली पुस्तके हवीत म्हणून त्यांनी आधी सिसेरोची पत्रे संपादित केली, मग जुन्या ग्रीक धर्माचार्यांची पुस्तके. म्हणजे पाठ शुद्ध करण्याचा हात बसला तो पाठ्यपुस्तके तयार करताना. एकीकडे मुलांबरोबर ग्रीक नवा करार पुनःपुन्हा वाचणे चालू होते. आणि एकीकडे गावोगावच्या ग्रंथालयांना, ओळखीच्या विद्वानांना पत्रे जात होती: तुमच्याकडे हस्तलिखित असेल तर पाहायला द्या, नाहीतर एवढ्या एवढ्या ठिकाणी काय पाठ आहे ते उतरवून कळवा.

या काळातली एक हकिगत मला फार आवडली. १७२१ मध्ये त्यांच्या रॉयस नावाच्या एका विद्यार्थ्याला तीच शंका छळू लागली, जी मास्तरांना तरुणपणी छळत होती. मास्तरांनी त्याला पत्र लिहिले. त्याचा आशय असा, की बाबा, समोर आलेली भाकरी खा. जात्यातला वाळूचा एखादा कण दाताखाली आला म्हणून ताट लोटू नकोस. आता गंमत बघा. शिष्याला हे सांगणारे मास्तर स्वतः मात्र रात्र रात्र दिव्याजवळ बसून तेच कण निवडत होते. आमची आई असेच करायची. जेवताना कुणी 'खडा लागला' म्हटले की म्हणायची, गप्प जेव, पोटात दगड पचतात. आणि दुसऱ्या दिवशी दुपारी सूप घेऊन दारातल्या उजेडात बसलेली दिसायची. पोराचे जेवण खोळंबू नये ही एक काळजी, आणि पोराच्या दाताखाली खडा येऊ नये ही दुसरी. दोन्हींत विरोध नाही.

आता ते खडे निवडायचे कसे, यात मास्तरांची बुद्धी दिसते.

वर्गात फळ्यावर उतारा लिहिला आणि चाळीस मुलांनी तो उतरवून घेतला, तर चाळीस वह्यांत चाळीस तऱ्हा होतात. हे कुठल्याही शिक्षकाला ठाऊक असते. पण वह्या तपासताना आणखीही एक गोष्ट लक्षात येते. मागच्या दोन बाकांवरच्या सहा मुलांनी एकच ओळ गाळलेली असते. म्हणजे त्या सहांनी फळ्यावरून उतरवलेलेच नसते, एकाने उतरवले आणि बाकीच्यांनी त्याचे पाहिले. मग ती ओळ मुळात फळ्यावर होती की नाही याची साक्ष काढताना हे सहा साक्षीदार धरायचे की एक? एकच.

हीच गोष्ट बेंगेल मास्तरांनी हस्तलिखितांना लावली. त्यांनी सांगितले की प्रतींची नुसती संख्या मोजू नका. कोणत्या प्रती कोणत्या घराण्यातल्या ते आधी पाहा. सारख्या चुका असलेल्या प्रती एका पूर्वजाच्या. त्यांनी दोन मोठे गट पाडले. एक 'आशियाई', म्हणजे कॉन्स्टँटिनोपल आणि भोवतालच्या मुलखातला, ज्याच्या प्रती ढिगाने आहेत पण उशिराच्या. दुसरा 'आफ्रिकी', ज्यात प्रती थोड्या पण परंपरा जुनी. छापील बायबल सारे पहिल्या गटावर उभे. बहुमत त्याच्या बाजूने. पण ते बहुमत एकाच वहीवरून उतरवलेल्या शेकडो वह्यांचे असेल तर? पुढे जर्मनीतल्याच ग्रीसबाख आणि लाखमान या विद्वानांनी या विचाराचे शास्त्र केले. पण बी पेरले ते बेंगेल मास्तरांनी.

त्यांचा दुसरा नियम तर चार लॅटिन शब्दांत मावतो. अर्थ असा, की सोप्या पाठापेक्षा अवघड पाठ बरा. पहिल्यांदा वाचताना मला हे उलटेच वाटले. मग एक अनुभव आठवला. 'काखेत कळसा आणि गावाला वळसा' ही म्हण मी नववीला लिहायला सांगत असे. दर वर्षी पाच-दहा वह्यांत 'काखेत कळशी' निघायचे. मुलांना कळशी ठाऊक, घरात रोजची. कळसा म्हणजे पाण्याची मोठी घागर हे त्यांना ठाऊक नाही, त्यांच्या मते कळस देवळावर असतो आणि तो काखेत मावत नाही. तेव्हा त्यांचा हात आपोआप ओळखीच्या शब्दाकडे वळतो. कळशीचा कळसा कोण कशाला करील? आणि वळशाशी यमक कळशाचेच जुळते. म्हणजे दोन पाठांपैकी जो नकलाकाराला अडखळायला लावतो, तो बहुधा मूळचा. जो गुळगुळीत आहे, तो कुणीतरी घासलेला.

बायबलातले एक उदाहरण देतो. मार्कच्या शुभवर्तमानाच्या अगदी सुरुवातीला, दुसऱ्याच ओळीत, काही प्रतींत 'यशया संदेष्ट्याच्या ग्रंथात लिहिल्याप्रमाणे' असे आहे आणि पुष्कळ प्रतींत 'संदेष्ट्यांच्या ग्रंथांत' असे अनेकवचन आहे. पुढे जे अवतरण येते त्यातला पहिला भाग यशयाचा नाहीच, तो मलाखी नावाच्या दुसऱ्या संदेष्ट्याच्या पुस्तकातून आला आहे. म्हणजे 'यशया' हा पाठ अवघड, चुकल्यासारखा दिसणारा. कुणातरी नकलाकाराला वाटले असणार, पवित्र ग्रंथात चूक कशी राहू द्यावी? त्याने भक्तिभावाने दुरुस्ती केली आणि अनेकवचन घातले. उलट दिशेने, बरोबर असलेले कुणी मुद्दाम अडचणीत टाकील हे संभवत नाही. आजच्या चिकित्सक आवृत्त्या म्हणून 'यशया' हाच पाठ घेतात. श्रद्धेपोटी केलेली दुरुस्तीसुद्धा शेवटी चूकच ठरते, हे एका श्रद्धाळू माणसाच्या नियमाने दाखवून द्यावे, याचे मला फार नवल वाटले.

१७२५ मध्ये त्यांनी आपल्या योजनेची रूपरेषा छापली आणि १७३४ मध्ये ट्युबिंगेनहून त्यांचा ग्रीक नवा करार प्रसिद्ध झाला. त्यात त्यांनी एक पथ्य पाळले. आधीच्या कोणत्या ना कोणत्या छापील आवृत्तीत आलेला नसेल असा पाठ मुख्य मजकुरात घ्यायचा नाही. अपवाद फक्त प्रकटीकरणाचा, कारण तिथे इरॅस्मसने करून ठेवलेला घोळ त्यांना ठाऊक होता. मग त्यांचे स्वतःचे मत कुठे? तर समासात. तिथे त्यांनी ग्रीक मुळाक्षरांनी गुण दिले. आल्फा म्हणजे हा पाठ निःसंशय मूळचा. बीटा म्हणजे छापलेल्या मजकुराहून हा बरा, पण पुरती खात्री नाही. गॅमा म्हणजे दोन्ही तोलाचे. डेल्टा म्हणजे कमी प्रतीचा. एप्सिलॉन म्हणजे टाकाऊ. हा शिक्षकाचा हात झाला. मुलाच्या वहीतला मजकूर खोडायचा नाही, शेजारी तांबड्या शाईने शेरा मारायचा. आज जगभर वापरल्या जाणाऱ्या एका ग्रीक आवृत्तीत संपादक पाठांना ए, बी, सी, डी अशा श्रेणी देतात, त्यांची पणजी बेंगेल मास्तरांच्या समासात आहे.

आणि त्या तीस हजार फरकांचे काय झाले? सगळे चाळून मास्तर या निष्कर्षाला आले की इतक्या शतकांच्या नकलांच्या मानाने फरक अपेक्षेहून कमीच आहेत आणि श्रद्धेचा पाया हलवील असा त्यांत एकही नाही. ज्याला भीतीने झोप येत नव्हती त्याला वीस वर्षांच्या कामाने झोप मिळाली. भीती कामाने गेली. नुसते 'विश्वास ठेव' असे म्हणून ती गेली नसती.

लोकांनी मात्र झोडपलेच. काहींच्या मते धर्मग्रंथाच्या समासात गुण मांडणे हाच उद्धटपणा. तर दुसरीकडे बाझेलचा वेटस्टाइन, जो स्वतः याच कामाचा मोठा पंडित, तो म्हणाला की बरोबर पाठ तुम्हाला कळतो तर मजकुरात घालण्याचे धैर्य का नाही? मास्तरांना १७३६ मध्ये बचावाचे पुस्तक लिहावे लागले. ज्याला दोन्ही बाजूंनी मार बसतो तो बहुधा मधल्या वाटेने चाललेला असतो. पण वेटस्टाइनचा प्रश्न मला अगदीच चुकीचा वाटत नाही, हेही सांगून टाकतो.

आपल्याकडेही हे घडले आहे. ज्ञानेश्वरीच्या नकलांत अपपाठ शिरले म्हणून एकनाथ महाराजांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे इ.स. १५८४ मध्ये, प्रती ताडून ती शुद्ध केली. आणि पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेत विष्णु सीताराम सुखठणकर यांच्या संपादनाखाली महाभारताची चिकित्सक आवृत्ती आकाराला आली, तिचे आदिपर्व १९३३ मध्ये पुरे झाले आणि सारी पर्वे संपायला १९६६ उजाडले. सुखठणकर जर्मनीत बर्लिनला शिकून आलेले. प्रतींची घराणी लावणे, संख्येपेक्षा वजन पाहणे, अवघड पाठाला मान देणे, ही जी युरोपातली विद्या त्यांनी महाभारतासाठी वापरली, तिच्या उगमाकडे चालत गेले तर वाटेत डेंकेनडोर्फची शाळा लागते.

इथपर्यंतचे वाचून बेंगेल मास्तर म्हणजे थंड डोक्याचा तर्कशास्त्री वाटेल. तसे नाही. दोन ठिकाणी त्यांच्या प्रेमाने त्यांच्या तराजूवर बोट ठेवले.

एक म्हणजे योहानाच्या पहिल्या पत्रातली त्रैक्याची प्रसिद्ध ओळ. ग्रीक प्रतींत तिला आधार जवळजवळ नाही, हे त्यांना ठाऊक होते. तरी त्यांनी तिची वकिली केली. आज अभ्यासक ती नंतरची भर मानतात.

दुसरे प्रकरण मोठे. प्रकटीकरणाचे पुस्तक शिकवता शिकवता, त्यातल्या आकड्यांचा हिशेब करता करता, १७२४च्या अखेरीस त्यांना वाटले की किल्ली सापडली. त्यांनी वर्षे मांडली, बेरजा-वजाबाक्या केल्या आणि ठरवले की १८ जून १८३६ रोजी जुन्या युगाचा शेवट होऊन प्रभूचे राज्य सुरू होईल. अक्षराअक्षराला 'पुरावा काय' असे विचारणारा माणूस, आणि तोच जगाच्या उलथापालथीची तारीख वारासकट सांगू पाहतो! ही मते त्यांनी पुस्तकांतून छापली. लोकांनी त्यांवर विश्वास ठेवला. वुर्टेम्बर्गमधली कित्येक कुटुंबे १८१७ च्या सुमारास घरदार विकून कॉकेशसकडे निघाली. त्यात दुष्काळही होता, पण येणाऱ्या राज्याची आशाही होती. वाटेत फार लोक दगावले. १८३६ चा जून आला आणि नेहमीच्या जूनसारखा गेला.

मला हे वाचून वाईट वाटले. पण पुढचे वाचले आणि थबकलो. मास्तरांनी स्वतःच लिहून ठेवले होते की १८३६ साल काही विशेष न घडता गेले, तर माझ्या मांडणीत कुठेतरी मोठी चूक आहे असे समजा आणि ती कुठे आहे ते शोधा. आपल्या लाडक्या सिद्धान्ताच्याही समासात त्यांनी जागा सोडली होती, आणि तांबडी पेन्सिल पुढच्यांच्या हातात दिली होती.

हे एवढे मला जमले नाही. म्हणून आता माझा हिशेब.

१९८१ ची सहामाही परीक्षा. नववीचा मराठीचा पेपर मी तपासत होतो. एका प्रश्नाच्या उत्तरात दोन मुलांनी एकच विचित्र वाक्य लिहिले होते. 'अपेक्षा' हवे तिथे दोघांनीही 'उपेक्षा' लिहिले होते, त्यामुळे अर्थाचा पार अनर्थ झाला होता. दोघे मागेपुढे बसणारे. एक वर्गात पहिला येणारा, चांगल्या घरातला. दुसरा बेताचा, वडील शिलाईकाम करणारे. मी क्षणभरही विचार केला नाही. दुसऱ्याला वर्गासमोर उभे केले, कॉपी केलीस म्हणालो, त्या उत्तराला शून्य दिले आणि वडिलांना बोलावून घेतले. तो मुलगा एवढेच म्हणत होता, "नाही सर." वडील हात जोडून उभे होते. ते म्हणाले, "पोरगं असं करणार न्हाई गुरुजी, पर तुमी म्हंता तर..."

महिन्याभराने पुस्तकांच्या दुकानात मी सहज एक गाईड चाळत होतो. ते वाक्य समोर आले. छापलेले. 'उपेक्षा.' जुळाऱ्याची चूक. दोघा मुलांनी तेच गाईड पाठ केले होते. एकाने दुसऱ्याचे पाहिलेच नव्हते. सारखी चूक होती, पण दोघांचा पूर्वज तिसराच होता. बेंगेल मास्तरांच्या शाळेतल्या पोरानेही हे ओळखले असते.

मी काय केले? नोंदवहीत त्याचे गुण गुपचूप वाढवले. बस. वर्गात काही बोललो नाही, वडिलांना निरोप धाडला नाही. शिक्षकाने वर्गासमोर चूक कबूल केली तर वचक जातो, असे तेव्हा आम्ही मानत होतो. आरोप चाळीस जणांसमोर केला आणि दुरुस्ती कपाटात बंद केली.

बेंगेल मास्तर १७४१ मध्ये डेंकेनडोर्फ सोडून मोठ्या पदावर गेले. १७४२ मध्ये नव्या करारावरचे त्यांचे भाष्य आले. मुलांबरोबर पुनःपुन्हा केलेल्या वाचनातून जमलेल्या टिपणांचे ते पुस्तक. नाव 'ग्नोमोन', म्हणजे सूर्यघड्याळातला सावली पाडणारा काटा. इंग्लंडात जॉन वेस्लीने १७५५ च्या आपल्या टिपणांसाठी त्याचाच मोठा आधार घेतला. २ नोव्हेंबर १७५२ रोजी स्टुटगार्टला मास्तर वारले. त्यांनी केलेले नव्या कराराचे जर्मन भाषांतर दुसऱ्या वर्षी छापून आले.

त्यांनी वाचकांना एक उपदेश केला होता, त्याचा आशय असा, की आधी स्वतःला पुरते ग्रंथाला लावा आणि मग सारा ग्रंथ पुरता स्वतःला लावा. पहिला भाग मी चाळीस वर्षे मुलांना शिकवला. दुसरा भाग राहून गेला.

तो मुलगा आता साठीजवळ आला असेल. त्याचे नाव इथे लिहिणे बरे नाही. पण त्या वर्गातले कोणी हे वाचत असतील आणि तो त्यांच्या संपर्कात असेल, तर त्याला सांगा की सहामाहीच्या त्या पेपरात त्याने कॉपी केली नव्हती, चूक मास्तरांची होती. मी हे सर्वांसमोर लिहितो आहे. त्याचे वडील हयात असतील तर त्यांनाही सांगा.

सहकारी मित्राला पुस्तके परत केली तेव्हा ही हकिगतही सांगितली. ते थोडा वेळ गप्प बसले आणि म्हणाले, "माझ्याकडेही असे दोन-तीन पेपर आहेत."

असो. चहा गार झाला होता, तो पुन्हा गरम केला.